गिअरबॉक्स आधी घेऊ नका: जुन्या शेव्हरोले ट्रकसाठी बेल हाउसिंगची निवड

जुना ट्रक घेतला की पहिल्या वर्षी रंग आणि क्रोम सुचतं. दुसऱ्या वर्षी हायवेवर नेल्यावर कळतं की ताशी ५५ मैलांना इंजिन जीव तोडून ओरडतंय. मग कोणीतरी सांगतं, ‘पाच गिअरवाला टी-फाइव्ह टाक.’ दुसऱ्याच आठवड्यात भंगारवाल्याकडचा स्वस्त टी-फाइव्ह गॅरेजच्या फरशीवर येऊन पडतो. माझाही असाच आला आणि आठ महिने तिथेच पडून राहिला. इंजिनाला जोडायचा कशाने, हे विचारायचं राहून गेलं होतं.

इंजिनाची मागची बाजू आणि गिअरबॉक्सची पुढची बाजू यांच्यामध्ये घंटेच्या आकाराचं जे ओतीव कवच असतं, ते बेल हाउसिंग. फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच्या पोटात असतात. नवखा माणूस त्याला झाकण समजतो. खरं तर गिअरबॉक्सचा शाफ्ट क्रँकशाफ्टच्या बरोबर मध्यावर आणि बरोबर अंतरावर धरून ठेवणं, हे त्याचं मुख्य काम आहे.

हा लेख अमेरिकेतल्या १९४७ ते १९५५ च्या शेव्हरोले अर्ध्या टनाच्या ट्रकबद्दल, म्हणजे ‘३१००’ बद्दल आहे. माझ्याकडे हाच आहे, आणि इथल्या नवख्यांच्या हातीही बहुधा हाच लागतो. फोर्ड किंवा डॉजचे आकडे वेगळे असतात, पण तपासण्याचा क्रम तोच राहतो.

आधी हा खटाटोप कशासाठी, ते पाहू. ३१०० च्या मागच्या एक्सलचा रेशो बहुतेक ४.११ असतो आणि टायरचा व्यास साधारण २८ इंच. या हिशेबाने ताशी ५५ मैलांना, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरला, इंजिन मिनिटाला २,७०० च्या आसपास फेरे मारतं. पाचवा गिअर ०.७२ चा असेल तर त्याच वेगाला १,९५० पुरतात. १९५३ पर्यंत ट्रकमध्ये येणाऱ्या २१६ इंजिनात (हा आकडा घन इंचांतल्या क्षमतेचा) कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना दाबाने तेल मिळत नाही. तेलाच्या फवाऱ्यावर आणि रॉडच्या खालच्या चमच्यांवरच त्यांचं भागतं. अशा इंजिनाला फेरे कमी करून मिळाले तर ते दुवाच देईल.

पहिली पायरी: बोनेटखाली नक्की कोणतं इंजिन आहे?

कागदपत्रांवर विसंबू नका. सत्तर वर्षांत या ट्रकांची इंजिनं दोन-दोनदा बदलली गेली आहेत. डिस्ट्रिब्यूटरजवळ ब्लॉकवर ठोकलेला नंबर आणि ब्लॉकवरचा ओतीव नंबर घासून स्वच्छ करा, फोटो काढा आणि यादीशी ताडून पाहा.

बेल हाउसिंगच्या दृष्टीने शेव्हरोलेची मुख्य घराणी तीन. पहिलं घराणं जुन्या सहा सिलिंडरवाल्यांचं: २१६, २३५ आणि २६१. दुसरं १९५५ च्या छोट्या व्ही-एटपासून, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेल्या इंजिनापासून सुरू होतं. साठच्या दशकात आलेली १९४, २३०, २५० आणि २९२ ही नवी सहा सिलिंडरची इंजिनंही याच घराण्यातली, त्यामुळे व्ही-एटचं बेल हाउसिंग त्यांना बसतं. तिसरं घराणं १९९७ पासूनच्या एलएस नावाच्या नव्या व्ही-एट इंजिनांचं. त्यांचे बोल्ट बरेचसे दुसऱ्या घराण्याशी जुळतात, पण बहुतेक एलएसमध्ये क्रँकशाफ्टचं मागचं तोंड जुन्यापेक्षा ०.४ इंच आत असतं. बोल्ट बसले म्हणून फसू नका. शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टच्या मध्यातल्या ज्या बुशमध्ये टेकतं, त्या पायलट बुशपर्यंत ते पोहोचतंच असं नाही, म्हणून त्यासाठी खास लांब बुश किंवा स्पेसर लागतो.

पहिल्या आणि दुसऱ्या घराण्यात रोटीबेटीचा व्यवहार नाही. ‘शेव्हीचं बेल हाउसिंग’ एवढंच लिहिलेली जाहिरात दिसली की विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: कोणत्या इंजिनावरून काढलं? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे चला.

एक सापळा इथेच सांगतो. टी-फाइव्ह बहुतेक वेळा एस-टेन या छोट्या पिकअपमधून निघालेला मिळतो, आणि विकणारा ‘बेल हाउसिंगसकट’ असं कौतुकाने सांगतो. ते हाउसिंग बहुधा एस-टेनच्या चार सिलिंडरच्या किंवा २.८ लिटर व्ही-सिक्सच्या इंजिनासाठी असतं. तुमच्या २३५ ला ते बसत नाही आणि व्ही-एटलाही नाही. त्याचे वेगळे पैसे मोजू नका.

दुसरी पायरी: बेल हाउसिंगवर काय काय लटकलंय?

या पायरीवर मी सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे, कारण पैसे इथेच बुडतात.

आजकालच्या गाडीत इंजिनाला दोन्ही बाजूंना माउंट असतात आणि गिअरबॉक्सच्या शेपटीखाली तिसरं. ३१०० मध्ये तसं नाही. इंजिन पुढे एका माउंटवर टेकलेलं असतं आणि मागे थेट बेल हाउसिंगच्या दोन कानांवर. हे कान चॅसीच्या क्रॉसमेंबरवर रबर घालून बसतात. म्हणजे अख्ख्या इंजिनाचा मागचा भार बेल हाउसिंग पेलतं आणि गिअरबॉक्स त्याच्या पाठीवर नुसता लोंबकळतो. तुम्ही कान नसलेलं हाउसिंग आणलं, तर इंजिन मागून टेकवायला जागाच उरत नाही. मग नवा क्रॉसमेंबर बनवा, त्याला वेल्डिंग करा आणि गिअरबॉक्सखाली माउंट द्या. हे काम शक्य आहे, पण त्याचा खर्च आधी धरलेला हवा.

ट्रकमध्ये व्ही-एट घालणार असाल तर १९५५ ते १९५७ च्या शेव्हरोले गाड्यांची ओतीव लोखंडी बेल हाउसिंग शोधा. त्यांना बाजूचे कान असतात. वजनाला जड आहेत, पण तुमच्या चॅसीच्या स्वभावाशी जुळतात. साठच्या दशकातली हलकी ॲल्युमिनियमची हाउसिंग दिसायला सुरेख असतात, पण त्यांना कान नसतात.

दुसरी लटकलेली गोष्ट म्हणजे स्टार्टर. जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनात स्टार्टर बेल हाउसिंगवर बोल्ट होतो. म्हणून हाउसिंग, स्टार्टर आणि फ्लायव्हीलचे दाते या तिघांचं जमलं पाहिजे. ६ व्होल्टच्या काळातल्या फ्लायव्हीलला १३९ दाते असतात आणि १९५५ नंतरच्या १२ व्होल्टवाल्याला १६८. १३९ दात्यांवर १६८ चा पिनियन, म्हणजे स्टार्टरचं छोटं दातेरी चाक, चालवलं तर पहिल्या सेल्फलाच करवतीसारखा आवाज येतो आणि दोन्ही वस्तू खराब होतात. ट्रक १२ व्होल्टवर आणलाय म्हणून फ्लायव्हील बदलावंच लागतं असं नाही. जुना ६ व्होल्टचा स्टार्टर १३९ दात्यांच्या फ्लायव्हीलवर १२ व्होल्टने निमूटपणे चालतो, फक्त सेल्फ फार वेळ दाबून धरायचा नाही. हे अनेकांनी वर्षानुवर्षं केलंय.

व्ही-एटमध्ये हिशेब आणखी वेगळा आहे. पुढच्या काळात स्टार्टर ब्लॉकवर गेला आणि फ्लायव्हील दोन आकारांत आलं: लहान १५३ दात्यांचं आणि मोठं १६८ दात्यांचं. ३८५८४०३ हा ओतीव नंबर असलेलं ॲल्युमिनियमचं हाउसिंग लहान फ्लायव्हील आणि साडेदहा इंची क्लचसाठी आहे. ३८९९६२१ नंबरचं मोठं फ्लायव्हील आणि ११ इंची क्लच सामावून घेतं. लहान पोटात मोठं फ्लायव्हील मावत नाही. बाजारात या दोघांची ओळख नुसती ‘४०३’ आणि ‘६२१’ अशी आहे.

तिसरा क्लच फोर्क, म्हणजे रिलीज बेअरिंग ढकलणारा दांडा. फोर्कची खिडकी कोणत्या बाजूला आहे, आत पिव्होटचा गोळा कुठे आहे आणि तुमच्या पेडलची सळी तिथवर सरळ पोहोचते का, हे पाहा. सळी पोहोचत नसेल तर हायड्रॉलिक सिलिंडर लावणं हा मला सर्वांत कमी कटकटीचा मार्ग वाटतो. भारतात राहून हा लेख वाचणाऱ्यांसाठी इथे एक जोड देतो. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवल्या आणि १९५४ मध्ये ते काम बंद केलं. तिथल्या वाहनांचं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून पेडलही उजवीकडे. अमेरिकेतली डाव्या स्टिअरिंगची चित्रं पाहून सळ्या मागवू नका. स्वतःच्या चॅसीवर दोरी ताणून माप घ्या.

आणि चौथी गोष्ट बेल हाउसिंगवर नसून त्याच्या मागे आहे. माझ्या त्या आठ महिन्यांत तिचाही मोठा वाटा होता. १९५५ च्या पहिल्या मालिकेपर्यंत ३१०० चा प्रोपेलर शाफ्ट उघडा नाही. तो एका जाड नळीत बंद असतो. या नळीचं एक टोक गिअरबॉक्सच्या शेपटीला गोळ्याच्या हलत्या सांध्याने आणि दुसरं डिफरन्शिअलला घट्ट जोडलेलं असतं, आणि मागच्या एक्सलची पिळवणूक ही नळी झेलते. टी-फाइव्हला ही नळी बसत नाही. त्याला साधा, क्रॉस लावलेला उघडा शाफ्ट लागतो, म्हणजे मागचा एक्सलही उघड्या शाफ्टवाला हवा. पाऊण टनाच्या ३६०० ला आणि एक टनाच्या ३८०० ला उघडा शाफ्ट कारखान्यातूनच असतो. अर्ध्या टनाला तो १९५५ च्या दुसऱ्या मालिकेपासून आला. तुमचा ट्रक बंद नळीचा असेल तर बेल हाउसिंग शोधण्याआधी एक्सलचं काय करायचं ते ठरवा. नाहीतर पुढचं सगळं जमलं तरी चाकं फिरणार नाहीत.

तिसरी पायरी: गिअरबॉक्सच्या तोंडाची चार मापं

आता व्हर्निअर हातात घ्या. दुकानदाराच्या तोंडी मापावर जाऊ नका.

पहिलं माप चार बोल्टच्या जागांचं. जनरल मोटर्सचे बरेच गिअरबॉक्स एका ठरावीक चौकोनात बसतात, पण सगळे टी-फाइव्ह एकसारखे नाहीत. एस-टेनचा सरळ बसतो. शेव्हरोलेच्याच कॅमॅरो या स्पोर्ट्स कारचा एका अंगाला कलता असतो, म्हणून जुन्या सरळ हाउसिंगवर लावला की गिअरची दांडी ड्रायव्हरच्या मांडीकडे झुकते. मस्टँगचा टी-फाइव्ह फोर्डच्या चौकोनाचा, तो इथे लागूच पडत नाही.

दुसरं माप पुढच्या बेअरिंग रिटेनरच्या कडेच्या व्यासाचं. ही गोल कडा बेल हाउसिंगच्या मागच्या भोकात चपखल बसते, आणि गिअरबॉक्स मध्यावर येतो तो हिच्यामुळे. बोल्ट फक्त धरून ठेवतात. गाड्यांच्या हाउसिंगचं भोक ४.६८६ इंचांचं असतं, तर एसएम४६५ सारख्या ट्रकच्या चार गिअरवाल्या बॉक्ससाठी केलेल्या हाउसिंगचं ५.१२५ इंचांचं. मोठ्या भोकात लहान रिटेनर टाकला तर तो खडखडत बसतो, आणि बोल्ट आवळले की सगळं ठाकठीक दिसतं. पुढे काही हजार मैलांवर पुढचं बेअरिंग ओरडायला लागतं. यासाठी मधली रिंग मिळते, किंवा चांगला लेथवाला ती करून देतो. रिंग हाताने दाबून बसली पाहिजे. हातोडीने ठोकावी लागली तर ती चूक आहे, आणि बोटाने फिरली तरीही चूकच.

तिसरं माप शाफ्टच्या खाचांचं. जुन्या शेव्हरोलेच्या तीन गिअरवाल्या बॉक्सचा शाफ्ट १ इंच १ सूत जाडीचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), १० खाचांचा. एस-टेनच्या टी-फाइव्हचा १ इंची, १४ खाचांचा. व्ही-एट कॅमॅरोच्या टी-फाइव्हचा परत १ इंच १ सूत, पण २६ खाचा. फोर्डच्या टी-फाइव्हलाही १० खाचाच असतात, मात्र त्याची जाडी १ इंच अर्धा सूत. म्हणून नुसत्या खाचा मोजून प्लेट मागवू नका. यात घाबरण्यासारखं काही नाही: प्रेशर प्लेट आणि क्लचचा घेर तुमच्या फ्लायव्हीलप्रमाणे ठेवायचा, आणि मधली प्लेट त्याच घेराची पण नव्या शाफ्टच्या खाचांची घ्यायची.

चौथं, शाफ्टच्या टोकाची जाडी. जनरल मोटर्सचं टोक साधारण ०.५९० इंचांचं, फोर्डचं ०.६६८ चं. क्रँकशाफ्टमधल्या पायलट बुशचं भोक त्याप्रमाणे लागतं. जुना बुश काढलाच आहे तर नवाच घाला. स्वस्त वस्तू आहे.

चौथी पायरी: खोली

बोल्ट जुळले, भोक जुळलं, खाचा जुळल्या, तरी शाफ्ट लांब किंवा आखूड पडू शकतो. हा हिशेब कोणी तुमच्यासाठी करून देत नाही. ॲडॉप्टर प्लेट वापरत असाल तर तिची जाडीही यात येते. दोन सूत जाडीची प्लेट घातली की गिअरबॉक्स दोन सूत मागे जातो.

बेल हाउसिंग इंजिनावर नीट आवळा, पण क्लच लावू नका. मागच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरा आणि पट्टीपासून पायलट बुशच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजा. समजा ते ‘क’ आहे. आता गिअरबॉक्स उभा करा, आणि त्याच्या बसणाऱ्या तोंडापासून शाफ्टच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. ती ‘ख’. ‘ख’ मधून ‘क’ वजा केला की टोक बुशमध्ये किती शिरतं ते कळतं. उत्तर शून्याच्या आसपास आलं तर टोक लोंबकळत राहील आणि क्लच कधीच नीट सुटणार नाही. फार जास्त आलं तर शाफ्टचा जाड खांदा बुशवर आदळेल, किंवा टोक क्रँकशाफ्टच्या भोकाच्या तळाला टेकेल. टोकाचा बारीक भाग बहुतांश बुशच्या आत असावा आणि खांदा व बुशमध्ये थोडी मोकळी जागा राहावी, असं उत्तर हवं.

शाफ्ट थोडासाच लांब असेल तर टोक लेथवर कमी करतात. बारीक टोकाच्या पुढच्या कडेपुरतं हे चालतं, खाचांना हात लावायचा नाही. आणि उलट बाजूही तपासा: प्लेटचा हब खाचांवर पूर्ण बसतोय ना, आणि खाचा जिथे संपतात तिथे अडत नाही ना.

पाचवी पायरी: मध्य

इंजिन आणि बेल हाउसिंग कारखान्यापासून एकत्र असतील तर हे काम बहुधा सोपं जातं, म्हणून शक्यतो ती जोडी फोडू नका. दुसरीकडून आणलेलं हाउसिंग असेल तर डायल गेजशिवाय पुढे जाऊ नका. साधा डायल आणि चुंबकाचा स्टँड कुठल्याही हत्यारांच्या दुकानात मिळतो.

स्पार्क प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने फिरेल. स्टँड फ्लायव्हीलवर चिकटवा आणि डायलची सुई हाउसिंगच्या मागच्या भोकाच्या आतल्या भिंतीवर टेकवा. घड्याळाच्या १२ वाजताच्या जागी शून्य करा. मग इंजिन फिरवत ३, ६ आणि ९ च्या जागी आकडा लिहा, आणि परत १२ वर शून्य येतंय ना ते पाहा. ते आलं नाही तर स्टँड हललाय, पुन्हा सुरू करा.

समजा ६ च्या जागी सुई आत दाबली जाऊन १४ थाऊ दिसले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. खालची भिंत जवळ आली म्हणजे हाउसिंग वर बसलंय, आणि तेही दिसणाऱ्या आकड्याच्या निम्मं, म्हणजे ७ थाऊ. समोरासमोरच्या आकड्यांचा फरक १० थाऊपर्यंत, म्हणजे मध्य ५ थाऊच हललेला असेल, तर लोक चालवून घेतात. मी त्याहून कमीवर आणण्याच्या मताचा आहे. व्ही-एटसाठी ७, १४ आणि २१ थाऊ सरकवणाऱ्या तिरक्या डॉवेल पिना तयार मिळतात. इंजिन ब्लॉकच्या पिना काढून या घालायच्या, फिरवून मध्य साधायचा आणि परत मोजायचं. बोल्ट ढिले करून हाउसिंग ठोकून सरकवू नका, कारण पिना त्याला परत जुन्याच जागी नेतात.

याच डायलने हाउसिंगचं मागचं सपाट तोंडही तपासा. क्रँकशाफ्टला मागे-पुढे थोडी ढील असते, म्हणून फिरवताना तो एकाच दिशेला दाबून धरा, नाहीतर ढिलीचाच आकडा येईल. तोंडावरचा रंग, गंज आणि घणाने आलेले उंचवटे आधी सपाट कानशीने काढा. माझ्या एका तिरक्या तोंडाचं कारण वाळलेल्या रंगाचा एक थेंब निघाला होता.

शेवटी, कोरडी जुळणी

क्लच न लावता गिअरबॉक्स एकदा नुसता बसवून पाहा. खाली जॅक ठेवा, गिअरबॉक्स समपातळीत आणा, शाफ्टचं टोक बुशमध्ये जाऊ द्या. दोन्ही तोंडं हाताच्या जोराने टेकली पाहिजेत. एक सूतभर फट राहिली तर काहीतरी अडतंय. त्या क्षणी बोल्ट आवळून फट मिटवण्याची भयंकर इच्छा होते. रात्री साडेअकराला मलाही झाली. गिअरबॉक्सचा ॲल्युमिनियमचा कान कडकन तुटला, आणि अडत होता तो फक्त बुशचा बाहेर राहिलेला काठ.

तोंडं नीट टेकली की गिअरबॉक्स काढा आणि क्लच चढवा. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे हे तिच्यावर बहुधा लिहिलेलं असतं, ते वाचा. मध्य धरायला त्याच खाचांचा खोटा शाफ्ट वापरा. प्लास्टिकचाही चालतो. रिलीज बेअरिंग वेगवेगळ्या उंचीचं मिळतं, म्हणून फोर्क मोकळा असताना ते प्रेशर प्लेटच्या बोटांपासून किंचित दूर राहील असंच निवडा. खिडकीतून फोर्क पाहताना तो साधारण मधोमध हवा. एका टोकाला टेकलेला असेल तर बेअरिंगची उंची किंवा पिव्होटचा गोळा चुकलाय.

सगळे बोल्ट हाताने दोन आटे फिरवून झाल्यावरच पान्हा घ्या, आणि कोपरा सोडून समोरचा कोपरा असे आवळत जा. मग चॅसीखालून बाहेर या, पहिला गिअर टाका, क्लच दाबा, आणि कोणाला तरी प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवायला सांगा. क्लच दाबलेला असताना तो सहज फिरायला हवा, आणि सोडल्यावर अडायला हवा. इंजिन अजून चालू करायचं नाहीये.